खाजेवरची ट्यूब: नागपुरातल्या वर्षभराचा हिशेब

ट्यूबच्या मागचा मजकूर वाचण्यासाठी मला चष्मा आणि मुलाच्या मोबाइलचा टॉर्च असे दोन्ही लागले. मागच्या डिसेंबरमध्ये दिराचा मुलगा अमेरिकेहून आला, तेव्हा बदाम, चॉकलेट आणि गोळ्यांच्या मोठमोठ्या डब्यांबरोबर खाज थांबवणारी ही अँटिहिस्टामिन, म्हणजे खाज सुटवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवणारी, क्रीमही त्याने आणली. तिकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. २८.३ ग्रॅमची, म्हणजे त्यांच्या मापाने एक औंसाची ट्यूब. आत डायफेनहायड्रामिन हायड्रोक्लोराइड (हेच ते अँटिहिस्टामिन) २ टक्के आणि झिंक अ‍ॅसिटेट ०.१ टक्का. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण याच दोन घटकांच्या ट्यूबा तिकडे निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात आणि हे परीक्षण औषधाचे आहे, छापाचे नाही.

आपल्याकडे हेच डायफेनहायड्रामिन बहुधा कॅलामाइनच्या गुलाबी लोशनमधून भेटते. मात्र प्रत्येक गुलाबी बाटलीत ते असतेच असे नाही. नुसते कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड आणि त्याला गुलाबी रंग देणारे थोडे लोहाचे ऑक्साइड. त्याने गारवा मिळतो, पण ते अँटिहिस्टामिन नव्हे. दुकानात या दोन्ही प्रकारच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि रंगावरून फरक कळत नाही, त्यामुळे घटकांची ओळ वाचण्याला पर्याय नाही. पुढे मी जे लिहिते आहे ते डायफेनहायड्रामिन असलेल्या लोशनलाही तितकेच लागू आहे.

ट्यूबवरच्या चौकटीत मोजकी वाक्ये होती. दोन वर्षांवरील व्यक्तीने दिवसातून तीन ते चार वेळांपेक्षा जास्त लावू नये, त्याहून लहान बाळासाठी डॉक्टरांना विचारावे. शरीराच्या मोठ्या भागावर लावू नये. डायफेनहायड्रामिन असलेले दुसरे कोणतेही औषध, अगदी पोटात घ्यायचे असले तरी, सोबत वापरू नये. कांजिण्या किंवा गोवर असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डोळ्यांपासून दूर ठेवावे. आणि त्रास वाढला किंवा सात दिवसांहून अधिक टिकला तर वापर थांबवावा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सूचना वाचून घेण्याची सवय आहे असा माझा समज होता. वर्षभरात आमच्या घरी यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याची परीक्षा झाली आणि एकदा तर मीच सपशेल नापास झाले.

आधी ट्यूबचे जे खरे काम आहे त्याविषयी. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. घरामागे नाला, शेजारी दोन मोकळे प्लॉट आणि एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत खिडकीला लावलेला कूलर, म्हणजे डासांची बाराही काळ सोय आहे. उन्हाळ्यात महानगरपालिकेची माणसे कूलरच्या टाकीत बॅटरी मारून अळ्या पाहून जातात, आम्हीही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करतो, तरी संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकली की पोटऱ्यांवर गांधी उठल्याशिवाय राहत नाहीत. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी मुद्दामच तुलना करून पाहिली. डाव्या पोटरीवरच्या तीन चाव्यांवर साबणाने धुऊन, पुसून, प्रत्येकी ज्वारीच्या दाण्याएवढी क्रीम लावली आणि उजव्या पोटरीवर माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या पंचाची घडी ठेवली. पहिली दहा मिनिटे पंचाच पुढे होता, यात शंका नाही. घडी उचलल्यावर मात्र उजवीकडची खाज हळूहळू परत आली, आणि अर्ध्या तासाने डावीकडच्या तीनपैकी दोन चाव्यांकडे माझे लक्षही जात नव्हते. तिसऱ्यावर, जो मी क्रीम लावण्यापूर्वी नखाने खरवडून काढला होता, काहीही फरक पडला नाही. एका घरातल्या एका पायाचा हा अनुभव आहे, शास्त्रीय निष्कर्ष नव्हे. परंतु पुढेही साधारण असाच गुण येत राहिला. चमत्कार म्हणता येणार नाही, पण रात्री झोप लागण्यापुरती खाज उतरते.

ती का उतरते हे समजून घेतले की कुठे उतरणार नाही हेही आपोआप कळते. डास चावताना आपली लाळ कातडीत सोडतो. त्या लाळेतल्या प्रथिनांची शरीराला चाहूल लागते आणि कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन बाहेर टाकतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन झिरपू लागतात म्हणून लालसर गांधी उठते, आणि मज्जातंतूंची टोके चेतवली जातात म्हणून खाज सुटते. डायफेनहायड्रामिन हे हिस्टामिनची बसायची जागा अडवते. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार आहे. रुमाल आधी पडला तर उपयोग, गर्दी बसून गेल्यावर टाकला तर फारसा नाही. म्हणून चावल्याबरोबर लावलेल्या क्रीमचा गुण तासाभराने लावलेल्या क्रीमपेक्षा बरा येतो. हे औषध तसे जुने आहे, १९४०च्या दशकातले. या कुळातली पहिली औषधे शोधणाऱ्या डॅनिएल बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. इतक्या जुन्या औषधाविषयी सावध राहण्यासारखे काय असणार, असे मलाही तेव्हा वाटले होते.

सगळी खाज हिस्टामिनची नसते, हा पहिला धडा मात्र माझा नव्हे, आमच्या ह्यांचा. जूनच्या उकाड्यात त्यांच्या कमरेशी, पट्टा बसतो तिथे, कडा उठलेला गोल चट्टा आला. दोन दिवस त्यांनी ही क्रीम चोपडली, काहीच फरक पडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी एका औषधाच्या दुकानातून ते दुसरी ट्यूब घेऊन आले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. "हे लावा ना भाऊ, खाजेवर एकदम जालीम आहे," एवढेच म्हणाला. घटक वाचले तर आत क्लोबेटासोल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक असे तिघेही एकत्र होते. चट्टा म्हणजे नायटा होता, हे कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाने लांबूनही ओळखले असते. नायट्यावर स्टेरॉइड लावले की खाज आणि लाली दबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी निवांत पसरत राहते. पुढे तो चट्टा ओळखायलाही अवघड होतो आणि बरा व्हायलाही. अशी स्टेरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही ती काउंटरवरून सर्रास सरकवली जातात. आमच्या अमेरिकन ट्यूबची निदान एवढी बाजू घ्यावी लागेल की नायट्यावर तिचा उपयोग झाला नाही तसा अपायही झाला नाही. ह्यांना शेवटी नुसत्या बुरशीनाशकानेच बरे वाटले, पण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चट्टा दिसेनासा झाल्यावरही ते काही दिवस लावावे लागले.

रात्री अंथरुणात वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर येणारी, घरातल्या दोघातिघांना एकदम होणारी खाज बहुधा खरजेची असते. तिथेही ही क्रीम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण आत शिरलेला किडा तिने मरत नाही. घामोळ्यांवर तर ती लावूच नये असे माझे मत झाले आहे. घामाची तोंडे आधीच बंद झालेली असताना त्यावर आणखी चिकट थर कशासाठी? गार पाण्याची आंघोळ, सुती सैल कपडा आणि कूलरसमोरची जागा यांनी अधिक काम होते. अंगभर पित्त उठले तर ती खाज हिस्टामिनचीच असते हे खरे, पण तिथे क्रीम पुरे पडत नाही आणि अंगभर चोपडायची तर चौकटीतले दुसरे वाक्य मोडते; अशा वेळी डॉक्टर सहसा पोटात घ्यायची सेटिरिझिनसारखी गोळी देतात. पित्ताबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, तर ट्यूब शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा.

लहान मुलांचा प्रश्न मार्चमध्येच आला होता. समोरच्या घरातल्या पाच वर्षांच्या नातीला कांजिण्या आल्या आणि तिची आजी संध्याकाळी ट्यूब मागायला आली. आमच्याकडे खाजेचे बाहेरचे औषध आहे ही बातमी गल्लीत पसरली होती. नाही म्हणताना मला फार अवघड वाटले. शेजारधर्मात एवढीशी ट्यूब नाकारणे म्हणजे काय! पण कांजिण्यांत अंगभर फोड असतात, बरेचसे खाजवून फुटलेले असतात, आणि फुटलेल्या कातडीतून औषध सरळ रक्तात उतरते. कांजिण्यांवर डायफेनहायड्रामिन अंगभर लावल्यामुळे मुले बरळू लागल्याच्या, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्याच्या, अतिशय चिडचिडी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यातच कुणी भर म्हणून झोपेसाठी त्याच औषधाचे सिरप पाजले तर दुहेरी मात्रा होते. मी त्या आजींना नुसत्या कॅलामाइनची बाटली दिली, नातीची नखे कापायला सांगितले आणि बालरोगतज्ज्ञांना फोन लावून दिला.

मे महिन्यात भाची आपल्या चौदा महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आली. बाळाच्या गालावर डास चावलेला पाहून ट्यूबचे झाकण मी उघडलेही होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय लावून राहिली वं त्या लेकराले? ते हात तोंडात घालते ना." चौकटीतल्या वयाच्या अटीपेक्षा हे कारण मला जास्त पटले. गालावरची क्रीम पाच मिनिटांत मुठीतून तोंडात गेली असती. ओल्या पंचावर भागले.

सासूबाईंच्या स्वतःच्या खाजेची गोष्ट निराळी आहे. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांना काचबिंदू आहे आणि नागपूरच्या कोरड्या थंडीत त्यांच्या पिंढऱ्या माशाच्या खवल्यांसारख्या होतात. जानेवारीत एका दुपारी त्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत ही क्रीम चोळून बसलेल्या दिसल्या. कातडी कोरडी पडल्याने सुटणारी खाज तेलाने किंवा मलईदार मॉइश्चरायझरने थांबते, अँटिहिस्टामिनने नव्हे. शिवाय डायफेनहायड्रामिनच्या गुणांमध्ये तोंड कोरडे पाडणे, लघवी अडवणे, म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखे करणे आणि डोळ्यातला दाब वाढवणे हेही येते. दोन पायांवर एकदा लावल्याने हे सगळे होईल असे नाही, पण रोज मोठ्या भागावर लावत राहणे शहाणपणाचे नव्हे. आता आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच त्यांना खोबरेल तेल लावून देते. अंगावर पुरळ नसतानाही खाज महिनोन्‌महिने टिकत असेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या तपासण्या कराव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याही करून घेतल्या. सुदैवाने त्यात काही निघाले नाही.

आता माझी चूक. ऑगस्टमध्ये शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत छातीपर्यंत वाढले होते, पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेले. रविवारी सकाळी मी आणि दोन शेजारणी मिळून ते उपटून काढले. हातमोजे आमच्यापैकी फक्त एकीजवळ होते. दोन दिवसांनी माझ्या हातांवर, गळ्यावर आणि कोपराच्या खोबणीत लाल, खडबडीत, ओलसर पुरळ आले. मी ट्यूब काढली. दिवसातून चार वेळा, सातव्या दिवसानंतरही, "जरा बरे वाटते आहे" असे स्वतःला समजावत मी ती दहा दिवस लावली. त्याच आठवड्यात खोकला झाला म्हणून रात्री कफ सिरप घेत होते, आणि त्या बाटलीवर पहिला घटक डायफेनहायड्रामिनच आहे हे मी पाहिलेही नाही. शाळेत पहिल्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला पेंग येत होती आणि मी दोष खोकल्याला देत होते. दहाव्या दिवशी गळ्यावरचे पुरळ कानापर्यंत चढले, पापण्या सुजल्या, तेव्हा धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी आधी ट्यूब मागून घेतली, मग हात पाहिले. गाजरगवताने होणारा त्रास हा स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीचा असतो, त्यात हिस्टामिनपेक्षा पांढऱ्या पेशींचा वाटा मोठा आणि परिणाम दिसायला दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे या क्रीमने तो बरा होणे शक्यच नव्हते, असे त्यांनी समजावले. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र मला पूर्णपणे नवीन होती. कातडीवर लावायच्या अँटिहिस्टामिनची स्वतःचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि सोललेल्या, ओलसर कातडीवर दिवसेंदिवस लावत राहिल्याने ती होण्याची शक्यता वाढते. एकदा तशी अ‍ॅलर्जी बसली की तेच औषध पुढे पोटात घेतले तरी अंगावर पुरळ उठू शकते. "म्हणजे मॅडम, तुम्ही औषधानेच खाजेला खतपाणी घालत होतात की काय, हे आधी बघावे लागेल," असे त्या म्हणाल्या. मेपिरामिन नावाचे याच कुळातले औषध ज्या क्रीममध्ये असते ती ब्रिटनमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये असे सांगतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. चौकटीतले सात दिवस ही कमाल मर्यादा आहे, मुक्कामाची सोय नव्हे.

त्यांनी एका आठवड्यासाठी स्टेरॉइड मलम लिहून दिले. ह्यांच्या प्रकरणानंतर तो शब्द ऐकताच मी कचरले, पण निदान करून, ठरावीक दिवसांसाठी, ठरावीक जागी दिलेले स्टेरॉइड आणि काउंटरवरून मिळालेले स्टेरॉइड यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. चार दिवसांत पापण्या उतरल्या. क्रीमची अ‍ॅलर्जी आहे की नाही हे पाहण्यासाठी पॅच टेस्ट करायची होती, पण पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या अठ्ठेचाळीस तास कोरड्या राहाव्या लागतात, आणि नागपूरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या घामात त्या टिकत नाहीत. "थंडीत या," असे सांगून त्यांनी तोवर डायफेनहायड्रामिन, बाहेरून आणि पोटातूनही, बंद ठेवायला सांगितले.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी पाठीवर बारीक ताटल्यांच्या पट्ट्या लागल्या. एका ताटलीत गाजरगवताचा अर्क, इतरांत सुगंधी द्रव्ये, रबर, निकेल वगैरे नेहमीची मंडळी, आणि शेवटच्या ताटलीत माझ्याच ट्यूबमधली क्रीम. बुधवारी पट्ट्या काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिले. गाजरगवताच्या जागी लाल, उंचावलेला, बारीक फोडांचा ठिपका होता, स्केच पेनने गोल काढावा इतका स्पष्ट. ट्यूबच्या जागी काहीच नव्हते. माझ्या पुरळाचा गुन्हेगार प्लॉटवरच होता आणि क्रीम निर्दोष सुटली. दहा दिवस वाया घालवण्याचा आणि ओल्या जखमेवर औषध चोपडण्याचा दोष मात्र माझ्याकडेच राहिला. वाईट निकाल लागला असता तर मी या ट्यूबला पाचापैकी एक गुण देणार होते. आता साडेतीन देते. डास, लाल मुंग्या, अशा मोजक्या चाव्यांवर, न फुटलेल्या कातडीवर, दोन-तीन दिवसांपुरते हे औषध प्रामाणिकपणे काम करते. उरलेला दीड गुण दोन गोष्टींसाठी कापला आहे: माठाच्या पाण्यातला पंचा निम्मे काम फुकटात करतो, आणि ज्या मजकुरावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे तो मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला आहे.

ट्यूब आता फ्रीजवरच्या डब्यात, बाळाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असते. झाकणावर चिकटपट्टी लावून मी उघडल्याची तारीख आणि ठळक अक्षरांत "३ दिवस" असे लिहून ठेवले आहे, आणि लावून झाल्यावर डोळ्याला हात लागू नये म्हणून साबणाने हात धुण्याचा नियम घरात सगळ्यांना आहे. वर्ष झाले तरी ती निम्मीसुद्धा संपलेली नाही. दिराच्या मुलाने परवा फोनवर विचारले, या खेपेला दोन-तीन आणू का? आणू नकोस, ही मुदत संपेपर्यंत पुरेल, त्याऐवजी लांब बाह्यांचे बागकामाचे हातमोजे आण, असे मी त्याला कळवले.